मुलाला जिआर्डिया पुन्हा पुन्हा का होतो? फोंड्याच्या एका आईच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या गावातल्या एका आईचा प्रश्न आहे. सहा वर्षांचा मुलगा. जूनपासून तीन वेळा शौचाच्या तपासणीत जिआर्डिया, म्हणजे आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी, निघाला. दर वेळी औषधाने आठ-दहा दिवस बरे वाटते, मग पुन्हा पोट फुगते, ढेकरांना कुजक्या अंड्याचा वास येतो आणि पातळ, घाण वासाची शी सुरू होते. घरी विहीर आहे, पिण्यासाठी यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा, फिल्टर बसवलेला आहे. सासूबाई कुड्याची साल उगाळून द्या म्हणतात, शेजारीण जंताची गोळी द्या म्हणते. त्या विचारतात: "औषध बदलून घ्यावे का? की हे आता त्याच्या पोटात कायमचेच राहिले?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या काळजीने झोप उडते. नाही, कायमचे राहिलेले नाही. जिआर्डिया आतड्याच्या भिंतीत शिरून घर करत नाही. निरोगी माणसात तो बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआपही जातो. तुमचे मूल बरे होईल.

पहिल्या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा लागेल. गेली सत्तावीस वर्षे मी डिचोली तालुक्यात लहान मुलांना तपासतो आहे आणि दर पावसाळ्यात हा प्रश्न माझ्यासमोर येतो. औषध बदलायचे की नाही हे ठरवण्याआधी "परत आला" म्हणजे नेमके काय घडले ते शोधावे लागते. शक्यता तीन आहेत. औषध पुरे पडले नाही आणि जंतू मेलाच नाही. किंवा तो मेला, पण त्याच वाटेने नवा आला. किंवा जंतू आता नाहीच आणि त्रास त्याने मागे ठेवलेल्या नुकसानीचा आहे. तिन्हींत लक्षणे सारखीच दिसतात आणि उपाय मात्र वेगळे आहेत. मुलाला न पाहता मी ठामपणे सांगू शकत नाही, कारण त्याचे वजन किती, औषध पूर्ण पोटात गेले का, दर वेळी पुन्हा तपासणी झाली की लक्षणांवरूनच औषध दिले गेले, घरात आणखी कुणाचे पोट बिघडते का, यावर बरेच अवलंबून आहे. पण तुम्ही लिहिलेला आठ-दहा दिवसांचा हिशेब बोलका आहे. जिआर्डिया तोंडावाटे गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे लागतात. औषध संपताच पुन्हा त्याच पाण्याचा घोट गेला, तर वेळापत्रक असेच दिसेल. म्हणून माझा पहिला संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे.

हा जीव कसा आहे ते कळले की पुढचे सगळे सोपे जाते. माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक जुना मायक्रोस्कोप आहे. ताजी, पातळ शी काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात पसरून पाहिली तर कधी कधी तो जिवंत दिसतो. नासपतीच्या आकाराचा, समोर दोन केंद्रके, जणू दोन डोळे लावून तो तुमच्याकडेच पाहतो आहे. झाडावरून पान गळताना जसे हेलकावे घेत खाली येते, तसा तो डुलत डुलत सरकतो. हे त्याचे आतड्यातले रूप. पोटाकडच्या बाजूला त्याला एक चकती असते, तिने तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो. अस्तर फोडून आत जात नाही, म्हणून शौचात सहसा रक्त नसते आणि ताप फारसा नसतो. पण लाखोंनी चिकटले की अन्नातली चरबी आणि साखर नीट शोषली जात नाही. शी तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारी होते, गॅस होतो, मूल सुकत जाते.

आपल्याकडे याला सरसकट आमांश म्हणतात. तो शब्द अमिबाच्या दुखण्याला जास्त शोभतो. अमिबा मोठ्या आतड्याला जखमा करतो, शेंब आणि रक्त पडते, मुरडा येतो, आणि तो कधी यकृतापर्यंत पोचून तिथे गळू करतो. जिआर्डिया तसे काही करत नाही. रिपोर्टवर या दोनांपैकी नेमके कुणाचे नाव आहे ते एकदा नीट पाहा. दोघांना औषधे बरीचशी सारखी लागतात, पण अमिबात आतड्याच्या पोकळीतले सिस्ट, म्हणजे कवचातले जंतू, मारायला नंतर आणखी एक औषध लागते आणि ते बऱ्याचदा राहून जाते.

जिआर्डियाचे दुसरे रूप म्हणजे सिस्ट. आपली खरी लढाई त्याच्याशी आहे. आतड्यातून पुढे सरकताना तो स्वतःभोवती कवच तयार करतो. लांबी ८ ते १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग. हे कवचातले जीव शौचावाटे बाहेर पडतात आणि पडताक्षणीच दुसऱ्याला लागण करायला तयार असतात. जंतांच्या अंड्यांसारखे मातीत पिकायला त्यांना दिवस लागत नाहीत. थंड पाण्यात ते आठवडेच्या आठवडे टिकतात. आजारी माणसाच्या एका दिवसाच्या शौचात ते अब्जांनी असू शकतात आणि लागण व्हायला दहा सिस्टही पुरतात. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या. दहा सिस्ट म्हणजे न दिसणारा एक थेंब. लेव्हेनहूक नावाच्या डच माणसाने १६८१ साली स्वतः बनवलेल्या भिंगाखाली स्वतःचीच शी पाहून हा जीव पहिल्यांदा टिपला. म्हणजे माणसाला तो साडेतीनशे वर्षे ठाऊक आहे, आणि अजूनही तो एकाच वाटेने फिरतो: कुणाच्या तरी शौचातून कुणाच्या तरी तोंडात.

आता ती वाट तुमच्या घरात कुठून जाते ते पाहू.

काही वर्षांपूर्वी एका घरातली तीन चुलत भावंडे आळीपाळीने माझ्याकडे येत होती. फिल्टर आहे, पाणी स्वच्छ आहे, असे त्यांचे वडील दर वेळी सांगायचे. एका रविवारी मी त्यांच्या घरीच गेलो. फिल्टर खरेच चांगला होता, स्वयंपाकघरात भिंतीवर लावलेला. मी ओसरीवर चहा घेत बसलो आणि मुले काय करतात ते नुसते पाहत राहिलो. धाकटा उठला, परसात गेला, विहिरीच्या दोणीतले पाणी ओंजळीने घेतले आणि त्याच पाण्याने दात घासून चूळ भरली. थोड्या वेळाने आजीने दुपारच्या सोलकढीसाठी सोलांचा आगळ काढला आणि तो कळशीतल्या पाण्याने वाढवला. कळशी विहिरीची होती, कारण "कढी थंड पाण्यातच लागते". घरात दहा महिन्यांचे बाळ होते. त्याची दुपटी विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर धुतली जात होती, आणि ज्या बाजूला विहिरीचा कठडा ढासळला होता, नेमके तिकडेच ते पाणी वाहत होते. बाळाला काहीच त्रास नव्हता. त्याचे शौच तपासले तेव्हा त्यात सिस्ट भरपूर निघाले.

फिल्टरचे पाणी घरात फक्त ग्लासातून पिण्यासाठी होते. बाकी सगळे तोंड विहिरीला लावलेले होते. तुमच्या घरातही एक दिवस मुलाच्या मागे मागे राहा आणि त्याच्या तोंडात दिवसभरात कुठकुठले पाणी जाते ते वहीत लिहा. दात घासण्याचे, सरबताचे, ताक वाढवायचे, बर्फाचे, चटणी वाटताना घातलेले, कोथिंबीर आणि काकडी धुतलेले, शाळेच्या बाटलीत भरलेले. माझ्या अनुभवात ही वही औषधाच्या चिठ्ठीपेक्षा जास्त सांगते.

आपल्या विहिरींविषयी सविस्तर बोलायला हवे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जमीन जांभ्याची, म्हणजे भोकाभोकांची. काळ्या मातीतून पाणी हळूहळू गाळत झिरपते. जांभ्याच्या भेगांतून ते न गाळता पळते. उन्हाळ्यात सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्याचे पाणी आणि विहिरीचे पाणी यांच्यात बरीच कोरडी जमीन असते. जुलैत विहीर काठोकाठ भरते, शोषखड्डाही भरतो आणि दोघांची भेट जमिनीखाली होते. शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० ते ६० फूट दूर हवा असे सांगतात. जांभ्याच्या जमिनीत मी त्याहून जास्त अंतर ठेवा म्हणतो, आणि खड्डा विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला हवा. अंतर मोजताना शेजाऱ्याचा खड्डाही मोजा. आपल्या वाड्यांमध्ये घरे खेटून असतात आणि स्वतःचा खड्डा लांब असला तरी शेजाऱ्याचा कुंपणापलीकडेच असतो. तुमच्या मुलाचा त्रास जूनपासूनच सुरू झाला, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

"आम्ही विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो," असे बहुतेक जण सांगतात. टाकावीच, पण ती काय करते आणि काय करत नाही ते समजून. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर होते, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत भिरकावू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे आणि हलवावे. निदान तासभर पाणी काढू नये, रात्री केले तर उत्तम. यामुळे कॉलरा, टायफॉइड, साध्या हगवणीचे जीवाणू मरतात. पिण्याच्या पाण्यात आपण जेवढे क्लोरिन ठेवतो तेवढ्याने जिआर्डियाचे सिस्ट मात्र खात्रीने मरत नाहीत. कवच त्यांना वाचवते. याच कारणाने पाण्याची तपासणी "जीवाणू नाहीत" म्हणून चांगली आली तरी जिआर्डियाबद्दल निर्धास्त होता येत नाही. हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर मैला मिसळत असण्याची दाट शक्यता आहे असे समजा. काळे पडले नाही, तर मात्र एवढ्यावरून निश्चिंत होऊ नका.

नळाच्या पाण्याचे काय? ओपा असो, अस्नोडा असो की साळावली, शुद्धीकरण प्रकल्पात पाणी तुरटीने निवळवून वाळूतून गाळतात आणि मग क्लोरिन घालतात. सिस्ट अडतात ते मुख्यतः गाळण्याच्या टप्प्यात. प्रकल्पातून निघालेले पाणी चांगले असते. बिघाड होतो तो पुढे: फुटकी वाहिनी, गटारातून गेलेली जोडणी, जमिनीखालची टाकी, तिचे तडकलेले झाकण. तुमच्या टाकीत नळाचे आणि विहिरीचे पाणी एकत्र होत असेल तर ते सगळे विहिरीचेच धरा.

यूव्ही फिल्टर जिआर्डियावर चालतो, त्यात शंका नाही. पण अटी आहेत. पाणी निवळ हवे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी तांबूस गढूळ होते तेव्हा मातीच्या कणांच्या आडोशाला सिस्ट वाचतात, कारण प्रकाश तिथवर पोचतच नाही. दिव्याचे आयुष्य ठरलेले असते. दिवा पेटलेला दिसला तरी त्याची ताकद उतरलेली असू शकते, म्हणून तो मुदतीत बदलायला हवा. आणि पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. वीज गेली की घरात काय होते, कळशीतलेच पाणी ग्लासात जाते का, तेही वहीत लिहा. नवा फिल्टर घ्यायचाच असेल तर विहिरीचे पाणी गोडे असताना आरओचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्या जांभ्यातल्या विहिरींत क्षार मुळात कमी असतात. अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा, ज्याची छिद्रे एक मायक्रॉनहून कितीतरी बारीक असतात, आणि त्यानंतर यूव्ही, हे पुरते. खाजनाजवळ किंवा किनाऱ्याला पाणी खारे असेल तर गोष्ट वेगळी. चौपदरी पंचा बांधून गाळले तर कचरा आणि गाळ अडतो, सिस्ट अडत नाहीत. चांगली चिनीमातीची कँडल अडवते, तिला बारीक तडा गेला की तीही निरुपयोगी.

या सगळ्या कटकटीत एक उपाय असा आहे ज्याला अट नाही: पाणी उकळणे. तळाशी बुडबुडे दिसू लागले म्हणजे उकळले असे नव्हे. सगळे पाणी खदखदू लागले की पुढे एक मिनिट, आणि सिस्ट मेला. वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही. त्याच भांड्यात झाकून थंड करा आणि त्यात ग्लास किंवा तांब्या बुडवू नका. बोटे पाण्यात गेली की उकळण्याचे श्रम वाया गेले. लांब दांड्याचा डाव ठेवा किंवा तोटीचे भांडे घ्या. तुमच्या मुलासाठी पुढचे दोन महिने, दात घासण्यापासून सोलकढीपर्यंत, फक्त उकळलेले पाणी, एवढे मी नक्की सांगेन. बर्फसुद्धा त्याच पाण्याचा. गोठवल्याने सिस्ट मरतीलच असे नाही.

पाण्याखालोखाल हात. जिआर्डिया एकाच घरात फिरतो तेव्हा दुपट्यांतले बाळ हे बऱ्याचदा कारण असते. तुम्ही बाळाचा उल्लेख केलेला नाही, पण घरात किंवा शेजारी, जिथे तुमचा मुलगा रोज खेळतो तिथे, दोन-तीन वर्षांखालचे कुणी आहे का ते पाहा. शी धुतल्यावर, डायपर बदलल्यावर, भाकरी थापण्याआधी, भरवण्याआधी साबण लावून, नखांच्या कडा चोळून हात धुवायचे. सॅनिटायझरवर विसंबू नका, या सिस्टवर तो नीट चालत नाही. साबणही सिस्ट मारत नाही, तो त्यांना हातावरून सोडवतो आणि वाहते पाणी घेऊन जाते. म्हणून वाहते पाणी हवे, तसराळ्यात बुडवलेले हात नकोत. मुलाची नखे दर रविवारी कापा. सुकलेल्या पृष्ठभागावर सिस्ट फार टिकत नाहीत, तेव्हा न्हाणीघर आणि संडासाची फरशी दिवसातून एकदा तरी कोरडी होऊ द्या, दुपटी कडक उन्हात वाळवा. पावसात ऊन मिळत नाही हे खरे. अशा वेळी गरम इस्त्री फिरवली तरी चालते.

खाण्यातले थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात पालेभाजी शिजवूनच द्या. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्याने सिस्ट मरत नाहीत. चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीची फळे मुले उतरवून तशीच खातात, ती उकळलेल्या पाण्याने धुऊन, सोलून द्या. तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले सिस्ट त्यांच्यात साठतात. नीट शिजवले की भीती नाही. घरातल्या कुत्र्या-मांजरावर फार संशय घेऊ नका. त्यांच्यातले जिआर्डियाचे प्रकार बहुधा वेगळे असतात. धबधब्याखाली आणि झरीवर आंघोळ मात्र या वर्षी नको. पोहताना आणि भिजताना पाणी गिळले जातेच.

आता पहिली शक्यता, औषध पुरे पडले नाही. जिआर्डियावरचे नेहमीचे औषध, मेट्रोनिडाझोल, कडू असते, तोंडाला धातूची चव येते. सहा वर्षांचे मूल ते थुंकते, ओकते, आणि तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की आईचाही धीर सुटतो. पाच ते सात दिवसांचे औषध तीन दिवसांत थांबले असेल तर ते औषधाचे अपयश धरता येत नाही. प्रामाणिकपणे आठवून डॉक्टरांना सांगा, कुणी रागावणार नाही. औषध पूर्ण गेले होते आणि तरी लगेचच्या तपासणीत जिआर्डिया असेल, तर बदल करणे योग्य. टिनिडाझोलचा एकच डोस असतो, नायटाझोक्सानाइड तीन दिवस देतात, वजनावर मात्रा ठरते. दाद न देणारे जिआर्डिया असतात, पण माझ्याकडे आलेल्या मुलांत ते क्वचितच निघाले.

तिसऱ्या शक्यतेविषयी मला मनापासून सांगायचे आहे, कारण तिथे माझी स्वतःची चूक झालेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत आठ वर्षांच्या एका मुलीला मी चार महिन्यांत चार वेळा मेट्रोनिडाझोल दिले. पहिल्यांदा जिआर्डिया खरोखर सापडला होता. पुढच्या तीन वेळा पोट फुगते, पातळ होते, एवढ्यावर मी चिठ्ठी लिहीत गेलो, पुन्हा तपासले नाही. एक दिवस तिची आई सहज म्हणाली, "डॉक्टर, मामाकडे केप्याला गेली की चार दिवस अगदी बरी असते." मामाकडे काय वेगळे आहे असे विचारत गेलो तेव्हा कळले, तिथे दूध येत नव्हते, कोराच चहा व्हायचा. आजारी मुलीला ताकद यावी म्हणून घरी मात्र तिला दिवसातून तीन ग्लास दूध पाजत होते. दूध बंद केले आणि आठवड्याभरात ती सुधारली. त्या चार महिन्यांत तिने नको असलेले औषध माझ्यामुळे घेतले, हे मी विसरलेलो नाही.

घडते असे. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज लहान आतड्याच्या अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांच्या अगदी टोकांवर तयार होते आणि जिआर्डिया चिकटतो तोही तिथेच. जंतू मेला तरी ती टोके पुन्हा भरायला काही आठवडे जातात. तोवर दूध प्यायले की गॅस, पोटात गुडगुड, आंबट वासाची पातळ शी, गुदाभोवती लाली. आई घाबरते, डॉक्टर पुन्हा तेच औषध देतात. म्हणून मुलाला त्रास पुन्हा झाला तर आधी तपासणी करायची आणि निकाल येईपर्यंत दूध, आइस्क्रीम, दुधाचे बिस्किट बंद ठेवायचे. घरचे दही आणि ताक बहुतेक मुलांना सोसते, पण ताक उकळलेल्या पाण्याचे. आटवल, पेज, मुगाची आमटी, केळे, अंडे, मासे चालतील. उपाशी ठेवू नका.

तपासणीतही एक अडचण आहे. सिस्ट रोज सारखे पडत नाहीत. एका नमुन्यात काही निघाले नाही म्हणून जिआर्डिया नाही असे म्हणता येत नाही. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने पाहावे लागतात, किंवा अँटिजेनची, म्हणजे जंतूचे अंश शोधणारी, तपासणी करावी, ती एका नमुन्यातही जास्त पकडते. घरात ज्यांना ज्यांना त्रास आहे त्यांचे नमुने एकदमच द्या आणि ज्यांच्यात सापडेल त्यांचे उपचार एकाच वेळी होऊ द्या. त्रास नसलेल्यांना सहसा औषध देत नाहीत. पण तुमच्यासारखे तीन वेळा झाले असेल, तर घरातल्या लहानग्याची तपासणी करून डॉक्टर निर्णय बदलू शकतात.

सासूबाईंच्या कुड्याविषयी. मोडशी आणि हगवण गोव्याला नवीन नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात मोडशीची नोंद केली आहे. कुडा आपल्या रानात मुबलक आहे आणि आमांशावर त्याची साल पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. सासूबाईंचे ज्ञान मी उडवून लावत नाही. पण उगाळलेल्या सालीत किती द्रव्य गेले ते कळत नाही, सहा वर्षांच्या मुलाला मात्रा चुकू शकते, आणि साल उगाळायला घेतलेले पाणी विहिरीचेच असेल तर सगळेच उलटे होईल. आयुर्वेदाचे औषध द्यायचेच असेल तर वैद्यांकडून, मोजून. मुलाला कुडा आणि डॉक्टरांचे औषध दोन्ही एकदम पाजू नका, कुठल्याचा उपयोग झाला ते समजत नाही.

जंताच्या गोळीविषयी: १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिवसांना शाळेत अल्बेंडाझोल मिळते, ते जरूर द्या. ते गोल जंत आणि आकड्या जंतांसाठी आहे. त्या एका गोळीने जिआर्डिया जात नाही. जिआर्डियासाठी अल्बेंडाझोल वापरले तर ते पाच दिवस द्यावे लागते, आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

घरी थांबू नये अशा गोष्टी: शौचात रक्त, मोठा ताप, डोळे खोल जाणे, सहा तासांत लघवी न होणे, सतत उलट्या. अमिबा निघालेल्या घरातल्या मोठ्या माणसाला उजव्या बरगडीखाली दुखून ताप येत असेल तर त्याच दिवशी दाखवा. पातळ शी चालू असताना ओआरएस आणि चौदा दिवस झिंक द्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक रोज २० मिलिग्रॅम. आणि पाणी सुधारले, औषध पूर्ण झाले, दूध थांबवले, तरीही वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना सीलियाक रोगाची (गहू न सोसण्याच्या आतड्याच्या आजाराची) आणि रोगप्रतिकारशक्तीची तपासणी करायची का ते विचारा. क्वचित लागते, पण चुकवू नये.

म्हणजे क्रम असा ठेवा. आज रात्रीपासून उकळलेले पाणी. उद्यापासून तीन दिवसांत तीन नमुने, रुंद तोंडाच्या कोरड्या डबीत, लघवी किंवा संडासातले पाणी न मिसळता, आणि शी पातळ असेल तर अर्ध्या-एका तासात प्रयोगशाळेत, कारण तो डुलणारा जिवंत जीव तेवढाच वेळ ओळखता येतो. रिपोर्टमध्ये सापडला तर औषध, आणि आधीचे कुठले, किती दिवस पोटात गेले ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. सापडला नाही तर दूध बंद ठेवून दोन आठवडे थांबा. पाऊस ओसरला की विहिरीचा कठडा आणि शोषखड्डा गवंड्याला दाखवा.

मुलगा दोन आठवडे बरा राहिला की दूध पुन्हा सुरू करा, पहिल्या दिवशी पाव वाटी, जेवणाबरोबर. त्रास झाला नाही तर दर तीन दिवसांनी थोडे वाढवा. आणि दर रविवारी सकाळी, नखे कापायच्या आधी, एकाच काट्यावर त्याचे वजन करून त्याच वहीत लिहा. चार रविवारांचे आकडे झाले की मला कळवा, मी पाहीन.